मुलींचे मैदान आणि पालकांचा न्याय



कै. बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मला आनंद झाला आणि संकोचही वाटला. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि शिक्षण या क्षेत्रांतील अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. माझे आयुष्य मैदानावर गेले. मुलींना खो-खो आणि कबड्डी शिकवणे, संघ घेऊन गावोगाव जाणे आणि निवड समित्यांवर बसणे यापलीकडे माझा व्यासंग नाही. परंतु मुलींच्या खेळाचा तास हा वेळापत्रकातला मोकळा तास नव्हे, असे बाई नेहमी म्हणत. गणिताच्या बाईंनी तो तास मागितला तरी त्या तो देत नसत. म्हणून त्यांच्या स्मरणार्थ मैदानाविषयीच बोलावे, असे मी ठरवले.

माझा विषय थोडा अडचणीचा आहे. मुलींच्या खेळाविषयी वाद निघतो तेव्हा पालक न्यायाची भाषा बोलतात. त्या भाषेत न्याय किती आणि आपल्या लेकीचे हित किती, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. इतक्या वर्षांत ‘माझ्या मुलीवर अन्याय झाला’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. ‘दुसऱ्याच्या मुलीवर अन्याय होऊन माझी मुलगी संघात आली’, असे सांगायला आलेले पालक मात्र मला आठवत नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आईबापांनी आपल्या लेकराची बाजू घ्यावी, हा निसर्गाचा नियमच आहे. पण बाजू घेणारा तो वकील आणि निकाल देणारा तो न्यायाधीश, या दोन खुर्च्या वेगळ्या आहेत. पालक एकाच वेळी दोन्ही खुर्च्यांवर बसू लागला की घोटाळा सुरू होतो.

प्रथम खेळातील न्याय म्हणजे काय, ते पाहू. हा न्याय आपोआप मिळत नाही. माणसांनी आखलेल्या रेघांतून तो निर्माण होतो. आपल्या बडोद्याला हे निराळे सांगायला नको. हुतूतू गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळला जात असे. त्याला एकसूत्री नियम देण्याच्या कामात १९२३ च्या सुमारास येथील हिंदविजय जिमखान्याने पुढाकार घेतला, ही या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. पुढे कबड्डीत किशोर आणि कुमार गटांसाठी वयाबरोबर वजनाचीही मर्यादा आली. अंगाने थोराड असलेल्या मुलीने लहानखुऱ्या मुलीला केवळ वजनाच्या बळावर रेटू नये, एवढाच त्या मर्यादेचा हेतू होता.

मुलींचा स्वतंत्र गट हीदेखील अशीच एक रेघ आहे. ती का आखली गेली? साधारणपणे दहा-बारा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली यांच्या शक्तीत आणि वेगात फारसे अंतर नसते. वयात आल्यानंतर मुलग्यांच्या शरीरातील संप्रेरकांमुळे स्नायू, हाडे आणि हृदय यांची वाढ वेगळ्या प्रमाणात होते. सर्वोच्च पातळीच्या धावण्यात स्त्री-पुरुषांच्या वेळांत दहा ते बारा टक्क्यांचे अंतर पडते. सर्वांना एकाच रेषेवर उभे केले, तर उत्तमातली उत्तम मुलगीही अंतिम फेरीत दिसणार नाही. म्हणून ही रेघ न्याय्य आहे. पण प्रत्येक रेघेमागे एक कारण असते आणि कारण विसरून केवळ रेघ धरून बसले की तीच रेघ अन्यायाचे साधन होते. याची तीन उदाहरणे मी अमेरिकेतून घेते. मुलींच्या शालेय खेळावर तिथे जितके खटले, कायदे आणि जाहीर वाद झाले तितके क्वचितच कुठे झाले असतील. त्यामुळे तेथील माणसांची मने आपल्याला कागदोपत्री वाचता येतात.

पहिले उदाहरण १९७२ सालचे. न्यू जर्सी राज्यातील होबोकेन गावी मारिया पेपे नावाची मुलगी ‘लिटल लीग’ या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत तीन सामने खेळली. लिटल लीगच्या नियमांत १९५१ पासून मुलींना मज्जाव होता. मुलीला काढले नाही तर गावाची मान्यता रद्द करू, असे वरून कळवण्यात आले आणि मारियाला संघ सोडावा लागला. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने तिच्या वतीने तक्रार केली. सुनावणीत लिटल लीगची बाजू कोणती होती? मुलींची हाडे नाजूक असतात, त्यांना इजा होईल, त्यांच्या प्रतिक्रिया मंद असतात. म्हणजे सारा युक्तिवाद मुलींच्या काळजीचा होता! वस्तुतः हा खेळ आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे ज्या वयात अंतर जवळजवळ नसते त्याच वयाचा. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये मुलींच्या बाजूने निर्णय दिला. १९७४ च्या मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला आणि त्या वर्षअखेरीस लिटल लीगच्या सनदेतील ‘मुलगे’ हा शब्द कायद्याने बदलला गेला. तोपर्यंत मारिया चौदा वर्षांची झाली होती आणि त्या स्पर्धेच्या वयोमर्यादेबाहेर गेली होती. न्याय मिळाला, पण जिने तो मागितला तिच्या वाट्याला खेळ आला नाही.

त्या काळात न्यू जर्सीतील अनेक स्थानिक मंडळांनी मुलींना घेण्यापेक्षा खेळच स्थगित ठेवण्याची भाषा केली. ही मंडळे चालवणारे कोण होते? बहुतांशी खेळणाऱ्या मुलग्यांचे वडील. संघातल्या जागा मोजक्या असतात. एक मुलगी आत आली की एक मुलगा बाहेर जातो, हे त्यांना उघड दिसत होते. पण ‘माझ्या मुलाची जागा जाईल’ असे सभेत उभे राहून कोणी म्हणत नाही. तिथे ‘मुलींना इजा होईल’ असे म्हटले जाते. आपले हित दुसऱ्याच्या काळजीचा वेश घेऊन कसे येते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण मुद्दाम उलट बाजूचे घेते. पालकांचे हित म्हणजे नेहमी पापच, असा समज होऊ नये. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा अमेरिकेतील कायदा १९७२ साली झाला. १९७१-७२ मध्ये तेथील माध्यमिक शाळांतून सुमारे २ लाख ९४ हजार मुली खेळत होत्या आणि मुलगे ३६ लाखांहून अधिक. २०१८-१९ मध्ये मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली. हा बदल केवळ कायद्याने झाला नाही. आपल्या लेकींसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या पालकांनी तो घडवला. फ्लोरिडातील मेरिट आयलंड येथील शाळेचा १९९७ सालचा खटला पाहा. मुलग्यांच्या बेसबॉल मैदानावर रात्रीच्या खेळासाठी दिवे होते, विजेवर चालणारा धावफलक होता, प्रेक्षकांसाठी चांगली बैठक होती. मुलींच्या सॉफ्टबॉल मैदानावर दिवे नव्हते आणि तसा धावफलकही नव्हता. एका वडिलांनी आपल्या दोन मुलींसाठी दावा लावला. शाळा मंडळाचे एक उत्तर असे होते की, मुलग्यांच्या सोयी त्यांच्या पालकांच्या सहायक मंडळाने पैसे जमवून केल्या आहेत. न्यायालयाने ते मानले नाही. पैसा कोठून आला हा प्रश्न नाही, शाळेने या विषमतेला संमती दिली हा प्रश्न आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. समानता आणायची म्हणून मंडळाने सुचवले की मुलग्यांचे दिवे वापरू नयेत, त्यांचा धावफलक बंद करावा, त्यांच्या बैठका काढून टाकाव्यात. म्हणजे मुलींना प्रकाश द्यायचा नाही, दोघांनाही अंधारात ठेवायचे! अशी समानता दोघांनाही शिक्षा करणारी आहे, हे न्यायाधीशांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्या योजनेविषयी नापसंती दाखवली. या खटल्यातल्या वडिलांना स्वतःच्या मुलींचे हित हवे होते, यात शंका नाही. पण त्यांनी मागितलेला नियम असा होता की त्याचा लाभ त्या शाळेतल्या पुढच्या प्रत्येक मुलीला मिळावा. स्वार्थ आणि न्याय एकाच दिशेने चालू शकतात. ते कधी चालतात, हे ओळखता आले पाहिजे.

तिसरे उदाहरण अलीकडचे आणि सर्वांत नाजूक आहे. जन्माने पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला मुलगी मानणाऱ्या खेळाडूंनी मुलींच्या गटात खेळावे काय, यावर अमेरिकेत तीव्र वाद चालू आहे. हा प्रश्न खोटा नाही. वयात आल्यानंतरच्या अंतराविषयी मी मघाशी जे बोलले ते येथेही लागू पडते, आणि आपल्या मुलीची रेघ पुसली जाईल ही भीती बाळगणारे सारे पालक दुष्ट असतात असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूला, कोणत्याही मुलाला खेळाबाहेर उभे करणे ही लहान गोष्ट नाही. त्या वादाचा निकाल देण्यास मी येथे उभी नाही. पण त्यातील एका घटनेकडे आपले लक्ष वेधते.

२०२२ च्या मार्चमध्ये युटा राज्याच्या विधिमंडळाने अशा खेळाडूंना मुलींच्या स्पर्धांतून वगळणारा कायदा केला. राज्यपाल स्पेन्सर कॉक्स यांनी तो परत पाठवताना लिहिले की, राज्यात माध्यमिक शाळांचे ७५ हजार विद्यार्थी खेळतात, त्यांत असे खेळाडू केवळ चार आहेत आणि मुलींच्या खेळात त्यांपैकी एकच. विधिमंडळाने राज्यपालांचा नकार डावलून कायदा संमत केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील शालेय क्रीडा संघटनेने आमदारांच्या समितीपुढे एक माहिती दिली. राज्यपातळीवरील एका स्पर्धेत एक मुलगी इतरांना खूप मागे टाकून पहिली आली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली की, ही मुलगी खरोखर मुलगी आहे काय, याची चौकशी व्हावी. संघटनेने शाळेकडे विचारणा केली आणि शाळेने बालवर्गापासूनची तिची कागदपत्रे तपासली. प्रत्येक नोंदीत ती मुलगीच होती. तिला त्रास होऊ नये म्हणून चौकशीची वार्ता तिला किंवा तिच्या घरच्यांना दिली गेली नाही. एखादी खेळाडू पुरेशी मुलीसारखी दिसत नाही, अशाही तक्रारी आल्याचे संघटनेने त्या वेळी सांगितले.

मित्रहो, येथे थोडे थांबू या. तक्रार कोणी केली? चौथ्या क्रमांकाच्या मुलीच्या पालकांनी नाही, शेवटच्या आलेल्या मुलीच्याही नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या. ज्यांना एक पायरी वर चढता आली असती, त्यांनाच न्यायाची आठवण झाली. आणि ती केव्हा झाली? स्पर्धेपूर्वी नव्हे, निकालानंतर. त्यांच्या मनात खरी शंका नव्हती, असे मला म्हणता येणार नाही. माणूस स्वतःच्या हिताला प्रामाणिकपणे न्याय समजू शकतो, हीच तर यातली खरी अडचण आहे. पण ज्या रेघेचा हेतू मुलींना खेळता यावे हा होता, त्याच रेघेच्या नावाने एका मुलीचे बालवर्गापासूनचे कागद उघडले गेले, आणि तिचा अपराध एवढाच होता की ती फार चांगली खेळली.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे आपण म्हणू नये. आपल्याकडे हा प्रश्न वयाच्या रूपाने येतो. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. जन्मतारीख एक-दोन वर्षे पुढे लिहिली की मुलगी लहानांच्या गटात मोठी होऊन खेळते. हा प्रकार इतका पसरला की केंद्र शासनाला २०१० साली वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणावी लागली, आणि क्रिकेट मंडळ वयोगटांतील खेळाडूंच्या मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करते. ही खोटी तारीख कोण लिहिते? आठ-दहा वर्षांची मुलगी ती लिहीत नाही. खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळतो, नोकरी मिळते, म्हणून घरातली वडीलधारी माणसे ती लिहितात. आणि हेच पालक समोरच्या संघातील उंच मुलीकडे बोट दाखवून ‘ही चौदाची वाटते का?’ असे विचारतात. त्यांना मुलीच्या उंचीवरून वय कळते, स्वतःच्या घरातल्या दाखल्यावरून मात्र कळत नाही.

आपल्याकडचे दुसरे रूप अधिक शांत आहे, म्हणून अधिक घातक आहे. ‘आता नववी आली, अभ्यास आहे’, ‘उन्हात रंग उतरतो’, ‘पायाला काही झाले तर पुढे लग्नाचे काय’, असे सांगून चांगल्या खेळणाऱ्या मुली मैदानातून काढून घेतल्या जातात. प्रत्येक वाक्यात मुलीचे हित आहे. पण बारकाईने पाहिले तर अनेकदा ती पालकांची चिंता असते आणि पालकांची सोय असते. होबोकेनच्या वडिलांनीही काळजीचीच भाषा वापरली होती. या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण मुलामुलींना सक्तीचे केले, तेव्हा मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होत असे. पालकांचे हित आणि लेकराचे हित नेहमी एकच असते हे त्या राजाने गृहीत धरले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. त्या संघातील प्रत्येक मुलीच्या घरी कधी ना कधी ‘आता पुरे’ म्हणण्याचा मोह झालाच असेल. पण कोणीतरी तो आवरला, म्हणून तो चषक आला.

मग न्यायाची मागणी खरी की हिताची, हे ओळखावे कसे? माझ्या अल्प अनुभवातून तीन कसोट्या मी आपल्यापुढे ठेवते.

पहिली कसोटी उलट्या बाजूची. मी जो नियम मागतो तो माझ्या मुलीच्या विरुद्ध गेला तरी मी मागेन काय? जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली आपल्या न्यायविषयक ग्रंथात असे मांडले की, समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नाही असे मानून नियम ठरवावेत, तरच ते न्याय्य होतात. आपली मुलगी पहिली येणार की शेवटची, हे ठाऊक नाही असे समजून पालकसभेत हात वर करावा, एवढाच त्याचा मैदानावरचा अर्थ.

दुसरी कसोटी वेळेची. आक्षेप निवडीपूर्वी घेतला की निकालानंतर? नियम आधी ठरला, सर्वांना कळला आणि सर्वांना सारखा लागला, तर त्याविषयी मतभेद असूनही तो सोसता येतो. एका मुलीचा चेहरा पाहून आठवलेला नियम हा नियमच नव्हे.

तिसरी कसोटी गैरहजर मुलीची. पालकसभेला जे येऊ शकतात त्यांच्याच मुलींचा अन्याय तिथे बोलला जातो. जिची आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाते, जिचे वडील पाळीवर कामाला आहेत, त्या मुलीचा अन्याय बोलणारे तिथे कोणी नसते. संघातून एखादी मुलगी वगळून दुसरी घेण्याची मागणी होते, तेव्हा जी वगळली जाणार तिचे पालक त्या खोलीत आहेत काय, हे आधी पाहावे. नसतील, तर त्यांची खुर्ची शिक्षकाने सांभाळावी.

या कसोट्यांवरून शाळेसाठी काही साध्या सूचना करते. निवडीचे निकष चाचणीपूर्वी फलकावर लावावेत. ज्यांची मुलगी चाचणीला आहे त्यांनी निवड समितीवर बसू नये, मग ते कितीही जाणकार असोत. वयाविषयी शंका असेल तर ती मुख्याध्यापकांकडे लेखी आणि गुप्तपणे यावी. मैदानाच्या कडेला उभे राहून कोणत्याही मुलीच्या अंगाविषयी, उंचीविषयी किंवा चेहऱ्याविषयी कोणी बोलू नये. मुलींच्या सरावाची वेळ दिवसाच्या उजेडातली असावी. माजी विद्यार्थ्यांना माझी विशेष विनंती आहे. आपण शाळेला उदारपणे देणग्या देता. देताना आपण खेळलेल्या खेळाचीच आठवण होणे स्वाभाविक आहे. पण मेरिट आयलंडचे दिवे आठवा, आणि आपल्या देणगीने मैदानाच्या कोणत्या अर्ध्या भागात उजेड पडतो आहे हे एकदा विचारून घ्या.

पालकांनी निःस्वार्थी व्हावे, असे मी म्हणत नाही. तसे कोणी होत नाही आणि झाले तर मुलींचे काही भले होईल असेही नाही. लेकीसाठी भांडावे, जरूर भांडावे. पण भांडताना ‘माझ्या मुलीसाठी मागतो आहे’ असे सरळ म्हणावे. न्याय हा शब्द वापरायचा असेल तर तो शेजारच्या मुलीलाही पुरेल एवढा मोठा आहे की नाही, ते आधी तपासावे. मुली हे सारे पाहत असतात. खो-खोच्या पाटीवर बसलेली मुलगी पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय उठत नाही, कितीही उठावेसे वाटले तरी. नियम आपल्या सोयीचा नसतानाही पाळायचा असतो, हे तिला दहाव्या वर्षी कळते. तेवढे आपण मोठ्यांनी तिच्याकडून शिकावे, एवढेच माझे मागणे आहे.